रॅकेट आणि खेळाडूचा हात

‘नाचतां येईना अंगण वांकडें’ ही म्हण मराठी माणसाच्या जिभेवर जशी घरांत असते, तशीच ती खेळाच्या मैदानावरहि असते. टेनिसचा सामना हरलेला खेळाडू आपल्या रॅकेटकडे रागानें पाहूं लागला, तिच्या तांती बोटांनीं चाचपूं लागला, कीं प्रेक्षकांत बसलेला एखादा अनुभवी गृहस्थ हळूच ही म्हण उच्चारतो आणि शेजारचे हंसतात. म्हणीचा रोख बहुतेक वेळां बरोबरच असतो. परंतु टेनिसचा इतिहास जरा बारकाईनें पाहिला, तर अंगण कधीं कधीं खरोखरीच वांकडें असतें असें दिसून येतें. आणि कधीं कधीं तर अंगण सरळ असूनहि तें नाचणाऱ्याच्या पावलांना मानवत नाहीं. रॅकेट ही वस्तु अशी आहे कीं, ती खेळाडूच्या हाताचा गुण वाढविते, त्याचा दोष झांकते, किंवा दोन्ही उघडे पाडते. म्हणूनच आपल्या खेळाला साजेल अशी रॅकेट निवडणें ही गोष्ट दुकानदारावर सोंपवून चालत नाहीं.

१९९१ च्या एप्रिल महिन्यांत भूमध्य समुद्राच्या कांठीं, माँटे कार्लो येथें, याचें एक करुण उदाहरण लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें. १९७६ पासून १९८० पर्यंत विंबल्डनची स्पर्धा सतत पांच वर्षें जिंकणारा स्वीडनचा ब्यॉर्न बोर्ग दीर्घकाळाच्या निवृत्तीनंतर पुन्हां मैदानांत उतरला. त्याचें वय त्या वेळीं ३४ वर्षांचें होतें. अंगलट पूर्वीसारखीच सडपातळ होती, केंसहि पूर्वीसारखेच लांब होते. आणि हातांत पूर्वीसारखीच लांकडी रॅकेट होती. त्याच्या समोर स्पेनचा जोर्दी आरेसे उभा होता. त्याच्या हातांतली रॅकेट नव्या काळाची होती. बोर्ग ६-२, ६-३ असा हरला. त्या दिवशीं बोर्गचें वय हरलें, त्याचा तुटलेला सराव हरला, कीं त्याची रॅकेट हरली? तिन्ही गोष्टी हरल्या असें म्हणणें न्यायाचें होईल. परंतु ज्या रॅकेटनें त्याला एके काळीं अजिंक्य केलें होतें, तीच अवघ्या दहा वर्षांत त्याला ओझें कशी झाली, हें समजण्यासाठीं कथेच्या आरंभाकडे गेलें पाहिजे.

टेनिसच्या आरंभीं रॅकेट नव्हतीच. मध्ययुगांत फ्रान्समध्यें हा खेळ तळहातानें खेळत, आणि त्याचें फ्रेंच नांवहि ‘तळहाताचा खेळ’ असेंच होतें. उघड्या हातानें चेंडू मारून तळवा सुजूं लागला, तेव्हां हातमोजा आला. मोज्यावर दोऱ्या गुंडाळल्या गेल्या. पुढें लांकडी फळी आली. आणि सोळाव्या शतकांत तांतींनीं विणलेली, लांब मुठीची रॅकेट रूढ झाली. १५५५ सालीं इटलींत आंतोनियो स्काइनो या धर्मोपदेशकानें चेंडूच्या खेळांवर एक ग्रंथ लिहिला. त्यांत रॅकेटनें खेळल्या जाणाऱ्या खेळाचेंहि वर्णन आहे. तात्पर्य, रॅकेट ही खेळाबरोबर जन्मलेली वस्तु नव्हे. आधीं हात, मग हाताची गरज आणि त्या गरजेंतून निघालेलें साधन, असा तिचा क्रम आहे. पुढच्या साऱ्या इतिहासाचें बीज या क्रमांत आहे.

हा जुना खेळ चार भिंतींच्या आंत, दगडी फरशीवर खेळत असत. आजहि इंग्लंड, फ्रान्स वगैरे देशांत तो थोड्या ठिकाणीं खेळला जातो. त्याची रॅकेट पाहिली तर नवखा माणूस ती दुरुस्तीला पाठविण्याचा सल्ला देईल. कारण तिचें डोकें मुठीच्या रेषेंत नसून एका बाजूस झुकलेलें असतें. त्या खेळांतला जड चेंडू फारसा उसळत नाहीं. तो फरशीलगत, भिंतीच्या कोपऱ्यांत घुसतो. तेथून तो खरवडून काढावयाचा तर डोकें तिरकेंच हवें. म्हणीच्या भाषेंत बोलावयाचें, तर येथें अंगण मुद्दाम वांकडें बांधलें होतें आणि नाच त्यावरच शोभत होता.

इंग्लंडांत मेजर वॉल्टर क्लॉप्टन विंगफील्ड यानें १८७४ सालीं हिरवळीवर खेळण्याच्या टेनिसचें पेटंट घेतलें आणि जाळें, खुंट्या, चेंडू व रॅकेटी असा सर्व सरंजाम एका पेटींत घालून विकावयास आरंभ केला. व्हल्कनाइझ केलेल्या रबराचा पोकळ चेंडू तोंपर्यंत तयार होऊं लागला होता. तो गवतावरहि चांगला उसळे. त्यामुळें खेळ भिंतींतून बाहेर बागेंत आला. भिंतीचा कोपरा राहिला नाहीं, तेव्हां तिरक्या डोक्याचें प्रयोजनहि राहिलें नाहीं. आणि प्रारंभींच्या रॅकेटींचा तो बांक हळूहळू नाहींसा होऊन रॅकेट सरळ व समतोल झाली. साधन बदललें तें खेळानें बदलविलें म्हणून.

१८७७ सालीं विंबल्डनची पहिली स्पर्धा झाली. तींत २२ खेळाडू उतरले होते. विजेता स्पेन्सर गोर हा मूळचा भिंतीवर खेळल्या जाणाऱ्या ‘रॅकेट्स’ या दुसऱ्याच खेळांत तयार झालेला होता. इतर लोक मागें उभे राहून चेंडू शांतपणें परतवीत असतां, तो जाळ्याजवळ धांवून येई आणि टप्पा पडण्यापूर्वींच चेंडू उडवी. पुढच्या वर्षीं सिलोनांतल्या कॉफीच्या मळ्यांतून रजेवर आलेल्या फ्रँक हॅडो यानें त्यास साधें उत्तर दिलें: जाळ्याशीं उभ्या असलेल्या गोरच्या डोक्यावरून त्यानें चेंडू उंच टोलविले आणि सामना जिंकला. दोघांच्या हातांतल्या रॅकेटी एकाच घडणीच्या होत्या. परंतु एकीनें चढाई केली आणि दुसरीनें ती परतवून लावली. खेळण्याची शैली म्हणून जी गोष्ट आहे ती अशी पहिल्या दोन वर्षांतच जन्मास आली, आणि तिच्याबरोबर ‘कोणास कोणती रॅकेट मानवेल’ हा प्रश्नहि जन्मास आला.

यानंतरचीं सुमारें ९० वर्षें लांकडाचीं आहेत. अ‍ॅश नांवाच्या चिवट झाडाच्या पट्ट्या वाफेनें मऊ करून वांकवीत, आणि पुढें पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून चौकट तयार करीत. इंग्लंडांतील डनलॉप कंपनीची ‘मॅक्सप्लाय’ १९३१ सालीं निघाली आणि पुढें पन्नास वर्षें नामवंतांच्या हातीं राहिली. तांतीला इंग्रजींत मांजराच्या आंतड्याचें नांव असलें, तरी ती मेंढीच्या आणि नंतर गाईबैलांच्या आंतड्यांपासून करीत. मांजराचा तिच्याशीं कांहीं संबंध नाहीं. लांकूड दमट हवेंत वांकतें आणि तांत ओलाव्यानें सैल पडून तुटते. म्हणून लांकडी रॅकेट वापरणारा चार स्क्रूंच्या चापांत ती आवळून ठेवी. मुंबईच्या पावसाळ्यांत ज्यांनीं लांकडी रॅकेट सांभाळली आहे, त्यांना हा चाप आणि तो आवळण्याचा रोजचा विधि आठवत असेल.

भारतांत या रॅकेटींचें मोठें केंद्र सियालकोट हें होतें. १९४७ च्या फाळणीनंतर तेथील अनेक कारागीर जालंधर व मेरठ येथें आले आणि आपली कला त्यांनीं तेथें पुन्हां उभी केली. लांकडी रॅकेटीच्या याच काळांत पंडिता क्षमाबाई राव यांची कन्या लीला राव हिनें १९३४ सालीं विंबल्डनमध्यें सामना जिंकला. त्या स्पर्धेंत सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री होय. गौस महंमद यानें १९३९ सालीं तेथें उपांत्यपूर्व फेरी गांठली, आणि रामनाथन कृष्णन् यानें १९६० व १९६१ अशीं लागोपाठ दोन वर्षें उपांत्य फेरी गांठली. कृष्णनचा खेळ बळाचा नव्हता, नाजूक स्पर्शाचा होता. आणि लांकडी रॅकेटीच्या लहान तोंडानें त्या स्पर्शास भरपूर वाव दिला.

लांकडी रॅकेटी वरवर पाहतां सगळ्या सारख्याच. लांबी सुमारें २७ इंच, वजन १३-१४ औंस, तांतींचें क्षेत्र ६५ ते ७० चौरस इंच. तेव्हां निवड करावयाची ती कशांत? तर वजनांत, मुठीच्या जाडींत आणि तांतींच्या ताणांत. एवढ्या अरुंद मर्यादेंतहि खेळाडूंनीं आपापला स्वभाव कसा व्यक्त केला, हें १९३८ सालच्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत दिसलें. एका बाजूस अमेरिकेचा डॉन बज होता. त्याची रॅकेट जवळ जवळ १६ औंसांची, म्हणजे प्रचारांतल्या रॅकेटींहून चांगलीच जड. दुसऱ्या बाजूस ऑस्ट्रेलियाचा जॉन ब्रॉमविच होता. त्याची रॅकेट अतिशय हलकी, आणि तांती इतक्या सैल कीं इतरांना तिनें चेंडू आवरणें कठीण. बज उंच व मजबूत होता. तो अंगाचें सगळें वजन फटक्यामागें लोटी, आणि जड रॅकेट त्या वजनाला आणखी जोड देई. ब्रॉमविच उजव्या हातानें सर्व्हिस करी, एका बाजूस दोन्ही हातांनीं मारी, आणि प्रतिस्पर्ध्याचाच वेग वापरून चेंडू कोपऱ्यांत ठेवी. स्वतः जोर न लावणाऱ्या माणसास सैल तांतींची उसळी हवी होती.

तो सामना बजनें ६-४, ६-२, ६-१ असा जिंकला आणि त्याच वर्षीं चारहि मोठ्या स्पर्धा एकाच वर्षांत जिंकणारा तो पहिला खेळाडू ठरला. यावरून जड रॅकेट श्रेष्ठ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. परंतु ब्रॉमविचनें आपली हलकी रॅकेट टाकली नाहीं. तीच घेऊन तो १९३९ सालीं आणि युद्धानंतर १९४६ सालीं ऑस्ट्रेलियाचा विजेता झाला. १९४८ सालीं विंबल्डनच्या अंतिम सामन्यांत तर विजयापासून तो एका गुणाच्या अंतरावर तीनदां येऊन ठेपला होता. बजची रॅकेट त्याच्या हातीं दिली असती तर तो तेथपर्यंत पोंचलाच नसता. विजेत्याची रॅकेट विकत घेतां येते, परंतु विजेत्याचा खांदा तिच्याबरोबर मिळत नाहीं.

रॅकेट कोणती, याइतकेंच ती धरावयाची कशी, हेंहि मैदानानें ठरविलें. इंग्लंडच्या हिरवळीवर चेंडू खालून घसरत येतो. तेथें मूठ अशी धरीत कीं फोरहँड, बॅकहँड व जाळ्याजवळचा फटका यांसाठीं हात फारसा बदलावा लागूं नये. कॅलिफोर्नियांत कोर्टें सिमेंटचीं होतीं आणि त्यांवर चेंडू खांद्यापर्यंत उसळे. म्हणून तेथील खेळाडू तळहात मुठीच्या खालच्या बाजूस नेऊन धरूं लागले. त्या धरण्यानें चेंडूला खालून वर घांसून पुढील बाजूची फिरकी देतां येते. बिल जॉन्स्टन हा लहान चणीचा अमेरिकन खेळाडू या ‘पश्चिमी’ मुठीच्या जोरावर १९१५ व १९१९ सालीं अमेरिकेचा विजेता झाला. आज बहुतेक खेळाडू ज्या तऱ्हेनें मूठ धरतात, तिचा पूर्वज तो आहे.

लांकडाच्या सत्तेस पहिला धक्का फ्रान्सच्या रने लाकोस्त यानें दिला. १९२०-३० च्या दशकांत सात मोठ्या एकेरी स्पर्धा जिंकणारा हा खेळाडू यंत्राच्या बुद्धीचा होता. १९६० नंतर त्यानें पोलादी नळीची रॅकेट योजली आणि १९६७ सालीं अमेरिकेंतील विल्सन कंपनीनें ती ‘टी-२०००’ या नांवानें विक्रीस आणली. तिच्या तांती चौकटीस तारेच्या वेढ्यांनीं अडकविलेल्या असत, त्यामुळें चेंडू गोफणींतून सुटल्यासारखा सुटे. पुष्कळांनीं ती घेतली आणि पुष्कळांनीं ती टाकली. कारण चेंडू जोरानें जाई, पण कोठें जाई याचा भरंवसा नसे. अपवाद जिमी कॉनर्सचा. त्याचा फटका सपाट, लवकर घेतलेला आणि दर वेळीं तांतींच्या मध्यावर बसणारा होता. १९७४ सालीं त्यानें तीन मोठ्या स्पर्धा याच रॅकेटनें जिंकल्या आणि इतर खेळाडूंनीं ती सोडल्यावरहि त्यानें ती वर्षानुवर्षें सोडली नाहीं.

त्याच काळांत बोर्ग लांकडी रॅकेट वापरी. पण तिच्या तांती सुमारें ८० पौंडांच्या ताणानें आंवळलेल्या असत. इतरांचा ताण बहुधा ५० ते ६० पौंडांचा असे. ताण जितका अधिक तितकी तांतींची उसळी कमी, आणि चेंडू जाईल तेथें नेमका जाईल ही खात्री अधिक. बोर्गचा हात इतक्या वेगानें फिरे आणि चेंडूला इतकी फिरकी देई कीं, जोर रॅकेटनें पुरविण्याची गरजच नव्हती; रॅकेटनें फक्त लगाम धरावयाचा होता. सैल तांतींचा ब्रॉमविच आणि आंवळलेल्या तांतींचा बोर्ग हीं एकाच नियमाचीं दोन टोकें आहेत: जो जोर हाताजवळ नाहीं तो रॅकेटनें द्यावा, आणि जो हाताजवळ जास्त आहे तो रॅकेटनें आवरावा.

आतां लांकडाच्या अंताकडे येऊं लागतें. हॉवर्ड हेड हा अमेरिकन विमानविद्येंतला इंजिनिअर. त्यानें धातूची स्की तयार करून नांव मिळविलें होतें. उतारवयांत तो टेनिस शिकूं लागला. तो चांगला खेळत नसे. चेंडू मध्यावर न बसतां कडेला बसला कीं रॅकेट त्याच्या हातांत फिरे. इतरांनीं हा दोष हाताचा मानला असता. हेडनें तो रॅकेटचा मानला. कडेच्या आघातानें रॅकेट किती फिरेल हें तिच्या रुंदीच्या वर्गावर अवलंबून असतें. वजन तेंच ठेवून रुंदी सव्वापट केली, तर स्थिरता दीडपटीहून अधिक होते. या हिशोबानें त्यानें ११० चौरस इंचांच्या तोंडाची रॅकेट काढली. प्रिन्स कंपनीनें ती १९७६ सालीं विक्रीस ठेवली. ‘नाचतां येईना’ म्हणणाऱ्या माणसानें अंगणच मोठें करून घेतलें! प्रथम लोक हंसले. परंतु १९७८ सालीं पॅम श्रायव्हर नांवाची १६ वर्षांची मुलगी तीच रॅकेट घेऊन अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत गेली, आणि हंसणें थांबलें.

मोठ्या तोंडाची ही रॅकेट कोणी बंद केली नाहीं. बंद झाली ती दुसरीच. जर्मनींतील वेर्नर फिशर यानें दुहेरी विणीची एक रॅकेट तयार केली होती. तिच्या तांती एकमेकींत न गुंतवितां प्लास्टिकच्या नळ्यांतून सरकत्या ठेवलेल्या असत. ती चेंडूला अशी विलक्षण फिरकी देई कीं, टप्पा पडल्यावर तो कोणीकडे उडेल हें सांगणें कठीण होई. १९७७ च्या ऑक्टोबरांत फ्रान्समध्यें इली नास्तासे याच प्रकारची रॅकेट घेऊन गियेर्मो व्हिलास याच्याशीं खेळला. सलग ४६ सामने जिंकलेल्या व्हिलासनें दोन सेट गमावल्यावर खेळच सोडून दिला. त्यानंतर लक्षांत आलें कीं, जाळ्याची उंची व चेंडूचें वजन यांविषयीं काटेकोर असलेल्या टेनिसच्या नियमांत रॅकेट म्हणजे काय, याची व्याख्याच नाहीं! १९७८ सालीं ती करण्यांत आली. तांती एकमेकींत विणलेल्या आणि सर्वत्र सारख्या असल्या पाहिजेत, असें ठरलें. पुढें मापांनाहि मर्यादा पडल्या. आज रॅकेटची लांबी २९ इंचांहून आणि रुंदी साडेबारा इंचांहून अधिक असून चालत नाहीं. कौशल्यास साह्य करणारें साधन आणि कौशल्याचें काम स्वतःच करणारें साधन यांतली सीमा या वेळीं प्रथम आंखली गेली.

ग्राफाइट आल्यावर लांकूड टिकणें शक्य नव्हतें. लांकडाची चौकट मोठी केली तर ती जड तरी होई, नाहीं तर तांतींच्या ओढीनें वांके. ग्राफाइट हलकें असून ताठ असतें. जॉन मॅकेन्रो १९८१ सालीं लांकडी रॅकेटनें विंबल्डन जिंकला, आणि १९८४ सालीं तेथेंच ग्राफाइटनें. १९८३ सालीं पॅरिस येथें जिंकलेला यानिक नोआ हा लांकडी रॅकेटनें मोठी स्पर्धा जिंकणारा शेवटचा पुरुष. १९९१ चा बोर्ग ज्या जगांत परत आला, तेथें वेग, फिरकी आणि चुकलेल्या फटक्याला क्षमा, या तिन्ही गोष्टी समोरच्या माणसास रॅकेट जवळ जवळ फुकट देत होती. आणि त्या बोर्गला पूर्वींप्रमाणेंच कष्टानें मिळवाव्या लागत होत्या. त्याची रॅकेट बिघडली नव्हती. तिच्या भोंवतालचा खेळ बदलला होता.

तथापि नव्या काळांतहि सर्वांनीं एकच रॅकेट घेतली नाहीं. १९९९ सालच्या विंबल्डनच्या अंतिम सामन्यांत पीट सांप्रासच्या हातीं ८५ चौरस इंचांची, शिशाच्या पट्ट्या लावून जड केलेली रॅकेट होती. आंद्रे आगासीच्या हातीं १०७ चौरस इंचांची. सांप्रासला सर्व्हिस करून जाळ्याकडे धांवावयाचें असे; त्यास वजन आणि नेमकेपणा हवा होता. आगासी मागच्या रेषेवर उभा राहून चेंडू उसळतां उसळतां परतवी. इतक्या घाईच्या फटक्यास मोठें तोंडच साजतें. त्या दिवशीं सांप्रास जिंकला. एकंदर ३४ सामन्यांत त्याचे विजय २० आणि आगासीचे १४. पण रॅकेटींची अदलाबदल केली असती तर दोघेहि थोर झाले नसते.

स्वतःच्या रॅकेटवर प्रेम करण्यालाहि एक मर्यादा असते, हें रॉजर फेडररच्या चरित्रावरून कळतें. त्यानें आपलें बहुतेक यश ९० चौरस इंचांच्या रॅकेटनें मिळविलें. परंतु या सुमारास तांतींतहि क्रांति झाली होती. १९९७ सालीं ब्राझिलचा गुस्ताव्हो कुएर्तेन पॉलिएस्टरच्या तांती वापरून पॅरिस येथें विजेता झाला. या तांती चेंडूबरोबर सरकतात आणि तत्काळ जागेवर परततात, त्यामुळें फिरकी वाढते. फिशरला जें साधावयाचें होतें त्याचा कांहीं अंश असा नियमाच्या दारांतून आंत आला. राफाएल नादालच्या हातून सुटलेला असा फिरता चेंडू उसळून फेडररच्या एकहाती बॅकहँडच्या खांद्यावर येई आणि लहान तोंडाच्या कडेला लागे. २०१४ सालीं, वयाच्या तेहतिसाव्या वर्षांत, फेडररनें ९७ चौरस इंचांची रॅकेट घेतली. २०१७ सालीं ऑस्ट्रेलियांत त्यानें अंतिम सामन्यांत नादालला पांच सेटांत हरविलें, तें मुख्यतः त्याच बॅकहँडच्या बळावर. बोर्गनें जुनी मैत्री सोडली नाहीं. फेडररनें ती उशिरां, पण वेळींच सोडली.

या साऱ्या इतिहासाचा घरगुती उपयोग काय? पहिला हा कीं, रॅकेट निवडतांना प्रथम आपला फटका पाहावा. ज्याचा हात लांबून व वेगानें फिरतो, त्यानें ९५ ते १०० चौरस इंचांचें तोंड, थोडें अधिक वजन आणि अधिक ताण घ्यावा. त्याला लगाम पाहिजे असतो. ज्याचा फटका आखूड आहे, जो आठवड्यांतून दोनदां कचेरी सुटल्यावर खेळतो, त्यानें १०५ किंवा त्याहून मोठें तोंड आणि सैल तांती घेण्यांत कमीपणा मानूं नये. जाळ्याजवळ रमणाऱ्यानें डोक्याकडे हलकी, मुठीकडे भारी अशी रॅकेट घ्यावी. ती चटकन् फिरते. मूठ धरल्यावर बोटांचीं टोकें आणि तळवा यांच्यामध्यें दुसऱ्या हाताची तर्जनी मावली पाहिजे. याहून बारीक वा जाड मूठ मनगटास व कोपरास दुखापत करते. पॉलिएस्टरच्या तांती आणि अतिशय ताठ चौकट यांचा संयोग तरुण, सरावलेल्या हातासाठीं आहे. कोपर दुखूं लागलेल्या गृहस्थानें नैसर्गिक तांत अथवा मऊ कृत्रिम तांत घ्यावी आणि ताण कमी ठेवावा.

दुसरा उपयोग मुलांच्या संबंधांत आहे आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. आपल्याकडे मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवण्याची पद्धत आहे. काटकसरीच्या दृष्टीनें ती योग्यच. पण रॅकेट वाढत्या अंगाची घेऊं नये. आठ वर्षांच्या मुलाच्या हातीं २७ इंचांची रॅकेट दिली, तर तें ती खांद्यानें न फिरवितां मनगटानें ओढतें, मूठ मध्यावर धरतें, आणि त्या वयांत बसलेलें वळण पुढें जन्मभर सुटत नाहीं. १९ इंचांपासून २६ इंचांपर्यंतच्या रॅकेटी मुलांच्या उंचीप्रमाणें मिळतात. दोन वर्षांनीं ती बदलावी लागेल हें खरें; परंतु हाताचें बिघडलेलें वळण बदलण्यापेक्षां रॅकेट बदलणें केव्हांहि स्वस्त. अशा मुलाचा चेंडू जाळ्यांत गेला कीं वडील माणसें त्याला म्हण ऐकवितात. वस्तुतः तेथें मुलाचा नाच सरळ असतो आणि वडिलांनीं आणून दिलेलें अंगण वांकडें असतें.

खेळाडू हरला असतां दोष हाताचा कीं रॅकेटचा, या प्रश्नाचें एकच उत्तर कोणत्याहि काळीं खरें ठरलेलें नाहीं. हॉवर्ड हेडनें रॅकेटला दोष दिला आणि तो बरोबर होता. बजची जड रॅकेट पाहून ती विकत घेणाऱ्या सामान्य खेळाडूनें आपल्या हाताला दोष दिला असता, तर तो चुकला असता. ज्याला आपला हात नीट ओळखतां येतो, त्यालाच रॅकेटचा दोष सांगण्याचा अधिकार पोंचतो. टेनिसची सुरुवात उघड्या तळहातापासून झाली. आजहि दुकानांत शिरण्यापूर्वीं खेळाडूनें घटकाभर आपल्या तळहाताकडे पाहावें. रॅकेटची अर्धी निवड तेथेंच होते.